मनगटावरचं ओलं फडकं

“जिभंला लावल्याबिगर टोक येत न्हाई, बाय. तात्या बघ की कसं करत्यात.”

मी रॅकच्या पलीकडे रंगाच्या बाटल्या पुसत होते. बोलणारी दिसत नव्हती. त्या दिवशी आमच्या मातीकामाच्या स्टुडिओत मेढ्याच्या एका बचत गटातल्या नऊ बायका शिकायला आल्या होत्या आणि मातीच्या ताटलीवर बारीक रेघ कशी ओढायची, ते आमच्याकडे रेघकाम करणारे तात्या त्यांना दाखवत होते. मी दोन बाटल्यांच्या फटीतून पाहिलं. तात्यांनी ब्रश रंगात बुडवला, ओठांत धरून हलकेच फिरवला आणि बाहेर काढला, तेव्हा त्याला सुईसारखं टोक आलं होतं. समोरच्या दोघींनी तसंच केलं. अगदी मन लावून, गुरुजींचं बघून पाटीवर गिरवावं तसं. त्यांच्या शेजारची रूपाली अजून पेन्सिलीनंच आखत होती. तिला पाचवा महिना होता. तिच्यासमोरच्या वाटीतला तपकिरी रंग सकाळी मीच कालवून दिला होता.

तिची आखणी संपायला फार तर पाच मिनिटं होती.

आमचा स्टुडिओ कराडला लागून असलेल्या मलकापुरात आहे. तो चालवणाऱ्या सुनंदाताईंच्या सासऱ्यांचं ते गुळाचं गोदाम. ताईंनी तिथं चाकं बसवली, विजेची भट्टी आणली, तरी उन्हाळ्यात भिंतींना अजून गुळाचा वास सुटतो आणि मुंगळे जुन्या ओळखीनं येऊन जातात. मी इथं सहा वर्षं आहे. रंग आणि भट्टी ही दोन खाती माझ्याकडे. गिऱ्हाईक आलं की बोलायचं काम ताईंचं, ते माझ्याकडे नाही, आणि ही विभागणी दोघींनाही सोयीची आहे.

आता कुणी स्टुडिओ बघायला आलं की एक प्रश्न हमखास विचारतं. मागच्या महिन्यात सांगलीहून एक गृहस्थ सहकुटुंब आले होते. आत पाऊल टाकताच म्हणाले, “सगळ्यांच्याच हाताला लागलंय होय?” कारण रंगकामाला बसलेल्या प्रत्येकाच्या डाव्या मनगटाला ओलं पांढरं फडकं गुंडाळलेलं असतं. ताईंनी त्यांना हसत सांगितलं, “लागलेलं नाही, लागू नये म्हणून आहे.” ते फडकं कुठून आलं, ते मी इथं लिहिणार आहे.

आधी रंगाविषयी. आम्ही वापरतो त्याला अंडरग्लेझ म्हणतात. कच्च्या किंवा एकदा भाजलेल्या भांड्यावर हा रंग लावायचा, त्यावर पारदर्शक ग्लेझचं द्रावण द्यायचं आणि भांडं भट्टीत घालायचं. ग्लेझ वितळून त्याची काच होते आणि रंग त्या काचेखाली कायमचा राहतो. लावताना हा रंग खडूसारखा मळकट दिसतो. नवशिक्यांचा विरस होतो. भट्टी उघडल्यावर मात्र तोच निळा असा काही उजळून येतो की त्यांना आपण वेगळंच काहीतरी लावलं होतं असं वाटतं.

हे रंग फुलापानांचे नसतात. निळ्यात कोबाल्ट असतं, हिरव्यात क्रोमियम, तपकिरी-जांभळ्यात मँगनीज. काचेखाली नीट बंद झाले की ते आपल्या वाटेला जात नाहीत. भीती त्याच्या आधीची आहे. भुकटी उडते, ती नाकात जाते. हात न धुता कुणी पाव खातं. मातीची धूळ तर त्याहून गरीब दिसते, पण तिच्यातले बारीक कण छातीत गेले की परत येत नाहीत. एका दिवसात कुणाला काही होत नाही, आणि हीच या कामातली खरी अडचण आहे. चटका बसला असता तर शिकवायला माणूस लागला नसता.

म्हणून नियम असतात. भुकटी मास्क लावूनच कालवायची. वाळलेली माती कोरडी घासायची नाही, ओल्या स्पंजानं पुसायची. कामाच्या टेबलावर चहा नाही. भट्टी चालू असताना खिडक्या उघड्या आणि तिच्याजवळ कुणी बसायचं नाही. खायच्या-प्यायच्या भांड्याला आतून ग्लेझ हवाच. हे सगळं मला तोंडपाठ होतं, पण इंग्रजीत. मी साताऱ्याला इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठीच बोलायचो, पण घरातलं मराठी म्हणजे ‘जेवलीस का’ आणि ‘पंखा बंद कर’. मोठ्या माणसाला कामात अडवायचं कसं, हे मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

म्हणून मी लिहून लावायचे. आल्या आल्या पहिल्या महिन्यात मी चौदा नियमांचा छापील तक्ता भिंतीवर लावला. ताईंनी चष्मा चढवून तो वाचला आणि म्हणाल्या, “छान आहे गं. पण हे इंग्रजीत कोण वाचणार? माती?” मी तो मराठीत केला. तरी रोज सकाळी ताई खराट्यानं जमीन कोरडीच झाडत आणि कवडशात धूळ नाचायची. मी तीन आठवडे ते बघत राहिले. मग एके दिवशी त्यांच्या आधी येऊन मी बादलीभर पाणी शिंपडून ठेवलं. त्यांनी दारातूनच पाहिलं. “अगोबाई, सडा घातलास? आमच्या सासूबाई असत्या तर तुला सून करून घेतलं असतं.” तेव्हापासून आमच्याकडे आधी सडा, मग झाडू. अर्धी लढाई मी एक शब्द न बोलता जिंकले होते.

दुसरी लढाई साताऱ्याच्या एका कॅफेवाल्यांशी. चार डझन कप हवे होते, आतून गडद निळे आणि ग्लेझशिवाय. “चकाकी नको मॅडम. रॉ पाहिजे. लोक फोटो काढतात.” ग्लेझ नसलेला रंग खाण्याच्या भांड्यात आम्ही देत नाही, असा चार परिच्छेदांचा मेसेज मी त्यांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला आणि पुढच्या आठवड्यात कप न्यायलाच आले. मी नमुन्याचे दोन कप समोर ठेवले, एक ग्लेझ दिलेला, एक न दिलेला. दोन्हीत आदल्या दिवशी अर्धं लिंबू पालथं घालून ठेवलं होतं. ग्लेझवाल्या कपात काही झालं नव्हतं. दुसऱ्यात लिंबाखालची जागा फिकी पडली होती. ते वाकून बघू लागले.

“मग हा रंग गेला कुठं?”

मी लिंबू उलटं केलं. त्याच्या कडेला निळसर झाक होती. त्यांनी लिंबू हातात घेऊन पाहिलं आणि ताईंना म्हणाले, “आतनं चकाकी चालेल.”

लिंबानं रंग सुटला नाही म्हणजे भांडं पास झालं असं नव्हे, हे इथंच सांगून ठेवते. खायच्या भांड्यांचे नमुने आम्ही वेगळे तपासून आणतो. लिंबू फक्त लवकर चुगली करतं. पण या प्रसंगानं माझं एक नुकसान केलं. न बोलता सगळं भागतं, असं मी धरून चालले.

तात्या आमच्याकडे आले ते दोन वर्षांपूर्वी. पासष्टी ओलांडलेला माणूस. तरुणपणी लोणंदपासून कराडपर्यंत भिंतींवर आणि कापडी फलकांवर अक्षरं काढायचे. छापील फलक आले आणि ते काम गेलं. गणपतीच्या दिवसांत मूर्तींचे डोळे आखायचं काम तेवढं राहिलं. ताईंनी त्यांची अक्षरं लहानपणापासून पाहिलेली, त्यांनीच बोलावून घेतलं. पहिल्याच दिवशी तात्यांनी एका वाडग्याच्या काठावर हातानं रेघ ओढली. वाडगा फिरवत आणली आणि जिथून सुरू केली तिथंच नेऊन मिटवली. जोड सापडेना. मी वाडगा तीनदा फिरवून बघितला.

“बघू द्या की त्यांना,” तात्या ताईंना म्हणाले. “मॅडम बोलत न्हाईत, पण बघत्यात लय. पोलिसात पायजे हुत्या.”

मी बघत होते ते वेगळंच. रेघ ओढायच्या आधी ब्रश त्यांच्या तोंडात जाऊन आला होता. पाण्याच्या रंगानं अक्षरं काढता काढता चाळीस वर्षांत अंगात मुरलेली सवय. रोज वीस-पंचवीस भांडी, प्रत्येक भांड्याला चार-पाच रेघा आणि प्रत्येक रेघेआधी एकदा जीभ. संध्याकाळी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात निळी-काळी रेघ दिसायची. ते साबणानं तोंड खळखळून धुवायचे आणि चहा घ्यायचे.

मी त्यांच्याजवळ पाण्याची वाटी ठेवली. त्यांनी तिच्यात ब्रश धुतला आणि टोक जिभेवर केलं. मी नवे ब्रश आणले, आपोआप टोक धरणारे. “ह्ये लय शाणं हायेत,” असं म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवले आणि स्वतःचा जुना काढला. मग मी रंगाच्या बाटल्यांवर कवटीचं चित्र चिकटवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक कवटीला झुपकेदार मिश्या आणि डोक्यावर फेटा. काम इतकं सुरेख होतं की मला त्या काढवेनात.

एकदा मात्र मी तोंड उघडलं होतं. “तात्या, आपण कृपया ब्रश मुखात घेऊ नये,” असं काहीतरी म्हणाले. रात्रभर पाठ केल्यासारखं ते बाहेर आलं. तात्यांनी ब्रश खाली ठेवला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “आज्ञा हाय का विनंती हाय, मॅडम? विनंती आसंल तर अर्ज द्या.” सगळे हसले. तेही हसले, त्यात खोच नव्हती. मीही हसले आणि रंगाच्या खोलीत निघून गेले. नंतर सव्वा वर्ष मी तो विषय काढला नाही.

त्या सव्वा वर्षातले दोन दिवस मला अजून आठवतात. तात्या पोट धरून घरी गेले होते. मी माहितीपत्रकं काढून बसले. कोणत्या रंगात काय, किती, तोंडावाटे गेलं तर काय. ताईंना सांगावं असं दहा वेळा वाटलं. तिसऱ्या दिवशी तात्या आले आणि म्हणाले, “जत्रंचं मटान. दोन गावच्या जत्रा एकाच दिवशी झाल्या, गड्याचं पोट ते किती.” मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्याच क्षणी मला स्वतःची लाज वाटली. मटणानं माझी सुटका केली होती. रंगामुळे त्यांना काही होत होतं की नव्हतं, होणार होतं की नव्हतं, हे मला कुणीही सांगू शकलं नसतं. म्हणून तर बोलायला हवं होतं.

श्रावण संपता संपता तात्यांनी रजा घेतली. त्यांच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गणपतीच्या मूर्ती डोळ्यांसाठी यायच्या. एका निळ्या छटेविषयी विचारायचं होतं, म्हणून मी नमुन्याची फरशी घेऊन तिथं गेले. त्यांनी मला मानेनंच बसायची खूण केली. बोलले नाहीत, कारण तोंडाला स्वच्छ पांढरा रुमाल बांधला होता. डाव्या मनगटावर ओलं धडपं गुंडाळलं होतं. ते ब्रश रंगात बुडवत, मनगटावरच्या ओल्या कापडावर अंगठ्याच्या आधारानं अर्धा वळसा फिरवत आणि बुबुळाची कड ओढत. टोक सुईसारखं. ब्रश एकदाही तोंडाकडे गेला नाही. जाणारच कसा, वाटेत रुमाल होता.

मी पाऊण तास ते बघत बसले. अकरा मूर्ती, बावीस डोळे.

काम थांबल्यावर त्यांनी रुमाल सोडला. त्यांच्या घरच्यांनी चहा आणला. मी फक्त रुमालाकडे पाहिलं, तर ते म्हणाले, “देवाचं डोळं हायेत. उष्टा ब्रश लावून चालतंय व्हय? आमच्या वस्तादानं हातावर छडी मारून शिकवलंय ह्ये. थुकीचा थेंब पडला तर मूर्ती परत धुवायची.”

म्हणजे त्यांना येत होतं. इतके दिवस मी त्यांच्यापुढे जे ठेवत होते, त्यातलं काहीच त्यांना नवीन शिकायचं नव्हतं. मी छटेविषयी विचारलं, चहा प्यायले आणि परत आले. येताना रिक्षात मी त्यांना सांगायचं वाक्य तयारही केलं. पण गणपती बसले, उठले, तात्या कामावर आले, ब्रश पुन्हा तोंडात गेला आणि वाक्य माझ्यापाशीच राहिलं. उद्या बोलू, असं मी रोज ठरवायचे. ताटल्यांची मोठी ऑर्डर होती, तात्यांचा हात बसला होता. चालत्या हाताला कशाला थांबवा, असंही मी स्वतःला सांगितलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ते तसंच होतं.

आणि मग दिवाळी झाल्यावर मेढ्याच्या बायका आल्या.

तर मी रॅकच्या मागे उभी होते आणि रूपालीची आखणी संपत आली होती. मी काय केलं? कपाटातून कागद काढला, जाड पेन घेतलं आणि लिहायला लागले, ‘ब्रश तोंडात’. तिथवर लिहिलं आणि माझा मलाच राग आला. पाच फुटांवर माणसं बसली होती आणि मी त्यांच्यासाठी भिंतीवर लावायचा कागद तयार करत होते.

मेढ्याच्या बायकांची गोष्ट निराळी होती. तात्यांनी सवय चाळीस वर्षांत लावून घेतली होती. या ती एका सकाळीत शिकत होत्या, आणि शिकवणारा चांगला असल्यामुळे चांगली शिकत होत्या. इथून जाऊन त्या गावात छोटी भट्टी लावणार होत्या, आणखी बायकांना शिकवणार होत्या. घरात बसून, मांडीवर पोर घेऊन रंगवणार होत्या. तात्यांची रेघ त्यांना यायला वर्षं लागली असती. जीभ मात्र लगेच आली होती.

“झाली गं तुझी?” शेजारची रूपालीला म्हणाली. “घे आता. आदी बुडव, मग जिभंवर असं फिरीव. खारट लागतंय वाईच, काय न्हाई हुत.”

“मळमळंल का गं मला?” रूपाली म्हणाली.

“घाबरतीस काय? तात्यांना झालंय का काय कवा?”

तात्या कौतुकानं हसले. “आवं, ह्या रंगावर तर जगतोय मी.”

रूपालीनं ब्रश वाटीत बुडवला.

मी कागद तिथंच टाकून रॅकच्या पुढे आले. हातात पेन तसंच होतं, टोपण उघडं. चालत टेबलापाशी गेले आणि रूपालीच्या मनगटावर हात ठेवला. ती दचकली. नऊ बायका, तात्या आणि दारातल्या ताई, सगळे माझ्याकडे बघायला लागले. एरवी एवढे डोळे माझ्याकडे वळले असते तर मी पुन्हा रॅकमागे गेले असते. माझ्या गळ्यात कापसाचा स्टोल होता. तो काढला, तात्यांच्या पाण्याच्या वाटीत बुडवला, पिळला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आधी स्टोलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं असावं, कारण ते हसले नाहीत. पण कळलं आणि झालं, असं मला या वेळी नको होतं. बायकांनीही ते ऐकायला हवं होतं. म्हणून मी मोठ्यांदा बोलले, शेवटच्या बाईपर्यंत जाईल इतक्या मोठ्यांदा.

“तात्या, गणपतीचे डोळे आखताना तुम्ही ब्रश तोंडात घालत नाही, मी बघितलंय. हे रंग विषारी आहेत, आणि रूपालीचं पोरही देवाचंच आहे. हे मनगटाला बांधा आणि ह्या सगळ्याजणींना तसंच शिकवा. ही विनंती नाही.”